मौनीला बोलतं केलं

३ मार्च, सोमवार

काम मिळालं, आणि चांगलं मोठं मिळालं. लोणीने आणलं. माझ्या भागीदाराला मी मनातल्या मनात लोणी म्हणते. समोरच्याला कुठे आणि किती लावायचं हे त्याच्याकडून शिकावं.

लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे असलेल्या एका इमारतीत अपघात झाला. एक निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. दार उघडं असतानाच लिफ्ट वर सरकली, त्या पडल्या आणि पाय मधे सापडला. गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हापासून बातमीवाले कंपनीच्या दारात ठाण मांडून आहेत. पुढच्या आठवड्यात संध्याकाळच्या मोठ्या कार्यक्रमात कंपनीतर्फे कोणीतरी बसायला हवं. तो कोणीतरी तयार करून द्यायचा.

इतकी वर्षं मी मुलाखती घेतल्या. समोरच्याला घाम फोडणं हाच धंदा होता. चॅनेलने नारळ दिल्यापासून घाम कसा पुसायचा ते शिकवते. पोट दोन्हीवर भरतं.

आधी मालकाला खुर्चीत बसवून पाहिलं. तिसऱ्याच प्रश्नाला उठून उभा राहिला. "तुम्ही कोण मला जाब विचारणाऱ्या?"

म्हटलं, "तुम्हीच बोलावलंय मला, याच कामासाठी."

लोणी मागे खोकल्याचं नाटक करून हसला. मालक बाद. मग तांत्रिक प्रमुखाला बोलावलं. चाळिशीचा, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाच्या शाईचा डाग. ऑफिसात त्याला सगळे मौनी म्हणतात, तोंडावरसुद्धा. नमस्कार केला आणि पुढे काही बोललाच नाही. मालक म्हणाला, "याला कशाला? हा घरातसुद्धा बोलत नसेल."

पण मी त्याच्याकडे बघत होते. असा चेहरा शोधून सापडत नाही. मी म्हटलं, "हाच हवा. याच्याकडे बघून कोणाला वाटणारच नाही की हा काही लपवतोय."

घरी आल्यावरही हे वाक्य मला हुशारीचं वाटत होतं.

५ मार्च, बुधवार

पहिला सराव. कंपनीची बैठकीची खोली, पडदे ओढलेले, एक कॅमेरा, दोन दिवे. लोणी कॅमेऱ्यामागे. मी चॅनेलवाली झाले. गोड बोलून सुरुवात, मग एकदम आवाज खाली आणून विचारलं, "या लिफ्टबद्दल अपघाताच्या आधी तक्रार आली होती का?"

मौनी म्हणाला, "हो."

मी थांबले. असं कोणी म्हणत नाही.

"कोणाकडे?"

"माझ्याकडे. तिथल्या वॉचमनचा फोन आला होता. म्हणाला, लिफ्ट मजल्यावर नीट थांबत नाही, थोडी वर जाते. ब्रेक झिजला की असंच होतं. मला कळलं होतं ते."

"मग?"

"माणसं कमी होती. मालकांनी दोघांना काढलं होतं. म्हटलं, पुढच्या फेरीत बघू." त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "त्याच वेळी लिफ्ट बंद ठेवा, एवढं तरी सांगायला हवं होतं. एवढं सांगायला काय लागत होतं?"

लोणीने कॅमेरा बंद केला. दिवे चालूच. शेवटी मीच बोलले. या वाक्याबद्दल मला आज झोप लागेल की नाही, माहीत नाही, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवते. मी म्हणाले, "हे बघा, तुम्हाला खोटं बोलायला मी कधीच सांगणार नाही. फक्त उत्तर द्यायचं नाही."

त्याने मान डोलावली. शाळेतल्या मुलासारखी.

परत येताना लोणी म्हणाला, "आपण ऐकलंच नाही, असं धर." मी म्हटलं, "काय ऐकलं नाही?" तो म्हणाला, "वा! गुरू ती गुरूच."

७ मार्च, शुक्रवार

मौनी शिकतोय. उत्तराची सुरुवात 'हो' किंवा 'नाही'ने करायची नाही. प्रश्नातला वाईट शब्द आपल्या तोंडाने उच्चारायचा नाही. प्रश्नाला हात लावायचा, पण उचलायचा नाही. तिथून आपल्याला हवं तिकडे चालू लागायचं. "मी तुमची काळजी समजू शकतो, आणि म्हणूनच आज महत्त्वाचं काय आहे..." असं. 'आणि म्हणूनच' हा पूल. एकदा पुलावर चढलं की मागे वळून बघायचं नाही.

काल तो पुलावर चढून मधेच थांबला आणि म्हणाला, "पण बाई, त्यांनी तर वेगळंच विचारलं होतं ना?" लोणी हसून हसून बेजार. मीही हसले.

एक गोष्ट खटकते. चार वाजले की हा उठतो. "कुठे जाता रोज?" विचारलं तर म्हणतो, "जरा जाऊन येतो." डोक्यावर तलवार टांगली असताना याला रोज कुठे जायचं असतं?

घरी नवऱ्याने विचारलं, "आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होतीस, नेलंस का?" सासूबाईंची वेळ काल होती. मी त्याला सांगितलं की त्यांच्या डोळ्यांची काळजी मलाही आहे आणि म्हणूनच या वेळी जरा चांगला डॉक्टर बघावा असं माझ्या मनात आहे. तो भूगोलाचे पेपर तपासत होता. म्हणाला, "म्हणजे नेलं नाहीस." मास्तरकी अंगात मुरलीय. सरळ बोलणं कळतच नाही त्याला.

११ मार्च, मंगळवार

आज मौनीने मला हरवलं. तक्रारीचा प्रश्न मी वेगवेगळ्या दारांनी आत आणला. हळू, ओरडून, कुत्सितपणे, एकदा तर रडवेल्या आवाजात. तो प्रत्येक वेळी शांतपणे निसटला, आणि चेहरा तसाच, देवमाणसाचा. लोणी टाळ्या वाजवायला लागला.

मौनीच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. म्हणाला, "बायको म्हणते, तुम्ही आता बोलता. काल शेजाऱ्यांशी पार्किंगवरून वाद झाला तर मीच बोललो. ते गप्प झाले." मग जरा वेळाने, स्वतःशीच, "आयुष्यभर लोक मला गप्प करत आले."

मला भरून आलं. एका माणसाला आपण वाचा दिली असं वाटलं. हे लिहिताना मात्र कुठेतरी काटा टोचतोय, नीट दिसत नाही कुठे ते.

आज तो चार वाजता उठला नाही. मीच अडवलं. म्हटलं, परवा मुलाखत आहे, आता कसली कामं? थोडा वेळ घड्याळाकडे बघत बसला, मग म्हणाला, "बरं."

१३ मार्च, गुरुवार

झाली मुलाखत.

कार्यक्रम चिमणीचा. ती माझ्या हाताखाली शिकायला आली तेव्हा इतकी बारीक होती की टेबलामागे दिसायची नाही, म्हणून चिमणी. आता तिला बघून मंत्री घाबरतात. तिने तीनदा विचारलं, तक्रार आली होती का? तीनदा मौनी पुलावरून गेला. शेवटी तर म्हणाला, "सिस्टरांचं दुःख हे आमच्या घरातलं दुःख आहे, आणि म्हणूनच आज आम्ही शहरातली प्रत्येक लिफ्ट पुन्हा तपासायला घेतली आहे." हे वाक्य मी लिहिलेलं. 'घरातलं' हा शब्द मात्र त्याचा. त्यानेच सुचवला होता. चिमणीला पुढे काही विचारताच आलं नाही.

मालकाने ऑफिसात सगळ्यांना केक वाटला. मौनी केकची ताटली हातात धरून भिंतीला टेकून उभा. लोक येऊन पाठ थोपटत होते. त्याच्या डोळ्यांकडे मी पाहिलं, आणि मग दुसरीकडे पाहिलं.

चिमणीचा निरोप आला: "ताई, हा तुमच्या हाताखालून गेलेला आहे ना? बघताक्षणी ओळखलं." आधी छाती फुगली. नंतर तेच वाक्य पुन्हा वाचलं. ती माझं कौतुक करत नव्हती.

१६ मार्च, रविवार

आज जे झालं ते कोणाला सांगता येणार नाही.

लोणीचं म्हणणं, लोखंड गरम आहे तोवर कंपनीने सिस्टरांबरोबर एक फोटो काढून घ्यावा. तयार होतील का ते बघायला मी हॉस्पिटलात गेले. सहा खाटांची खोली, खिडकीजवळची खाट. सिस्टर म्हणजे सत्तरीच्या पुढच्या बाई, केस चापून बसवलेले, आणि खोलीवर हुकमत त्यांचीच. मी गेले तेव्हा एका तरुण नर्सला झापत होत्या, "अगं, चादरीला सुरकुती ठेवलीस तर पाठीला जखम होईल माझ्या. एक पाय घेतलात, आता पाठ पण हवी का?" ती पोरगी हसत चादर ओढत होती.

मी म्हटलं, कंपनीकडून आलेय. त्यांनी मला खुर्ची दाखवली.

"तो बरा आहे ना?" पहिला प्रश्न हाच.

"कोण?"

"कोण काय? तुमचा तो न बोलणारा. अपघात झाल्यापासून रोज यायचा, चारच्या सुमाराला. या खुर्चीत बसायचा. पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाला, सिस्टर, फोन मला आला होता, मी पुढे ढकललं. मी खूप बोलले त्याला. जन्मात कोणाला बोलले नसेन इतकं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग काय करणार? पाणी दे म्हटलं, पाणी देत बसला. डॉक्टर पाय काढावा की नाही यावर घोळ घालत होते, तेव्हा सही करताना माझ्याने कागदावर पेन टेकवेना, तर यानेच मनगट धरलं."

मी खाली बघत होते. खाटेखाली एकच चप्पल होती.

"मुलाखतीच्या दिवशी मी या पोरींना टीव्ही मोठा करायला लावला," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्या खोलीला सांगितलं, बघा गं, आपला माणूस आहे, आता खरं सांगेल बघा. मग त्या बाईने विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं." त्या थांबल्या. "मी म्हटलं, बंद करा."

"त्यानंतर आले नाहीत?"

"कुठल्या तोंडाने येईल?" मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्ही कंपनीत काय करता?"

मी म्हणाले, "मी लोकांशी संपर्काचं बघते."

फोटोचं विचारलंच नाही. जिन्यावरून खाली आले. लिफ्ट होती, पण पाय तिकडे वळला नाही.

१८ मार्च, मंगळवार

मौनीला भेटायला गेले. मालकाने त्याला कंपनीचा कायमचा प्रवक्ता केलंय. वेगळी केबिन, दारावर पाटी. खिशात पेन नाही.

म्हटलं, "सिस्टर तुमची वाट बघतायत."

"त्यांच्या भावना मी समजू शकतो," तो म्हणाला.

"अहो, मी चॅनेलवाली नाही. मी आहे."

"हो ना. आणि म्हणूनच तुमच्याशी मोकळेपणाने बोलतोय. आता पुढे काय करता येईल याकडे आपण सगळ्यांनी लक्ष द्यायला हवं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एकेक शब्द माझा. आवाजाचे चढउतारसुद्धा माझे. वाटलं, टेबलावरून हात घालून त्याला गदागदा हलवावं. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो.

निघताना दारात म्हणाला, "बाई, एकदा शिकलं की ते विसरता येतं का?" मी हसण्यावारी नेलं.

२१ मार्च, शुक्रवार

आज मन हलकं आहे. जे करायला हवं होतं ते केलं.

सकाळी अपघाताची सरकारी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले आणि पाच तारखेला त्या खोलीत जे ऐकलं ते सगळं सांगितलं. वॉचमनचा फोन, पुढच्या फेरीवर ढकललेलं काम, काढलेली माणसं. सही केली. लोणीला आधी सांगितलं नाही, तो अडवणार हे ठाऊक होतं. मौनीलाही नाही. त्याला पेचात कशाला टाकायचं?

मग चिमणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, आज संध्याकाळी येता का?" निळा कुडता घातला, निळ्यावर विश्वास बसतो. केस मोकळे ठेवले नाहीत. कित्येक वर्षांनी पुन्हा त्या दिव्यांखाली बसले. पण या वेळी खरं बोलायला! सुरुवातीलाच म्हणाले, "मला माझी लाज वाटते." वाक्य लहान ठेवलं, आणि मग एक श्वासभर थांबले. स्टुडिओत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. चिमणीचे डोळे पाणावले होते. निदान मला तसं वाटलं.

फोन थांबत नाहीयेत. जुने सहकारी, ओळखीपाळखीचे, कोणी कोणी.

नवरा म्हणाला, "छान बोललीस." आणि ताटं उचलायला लागला. सिंकपाशी पाठमोरा असताना विचारलं, "त्याला सांगितलं होतंस आधी?"

मी म्हटलं की प्रश्न एका माणसाचा नाही, उद्या कोणाच्याही घरातली बाई त्या लिफ्टमध्ये असू शकते, आणि म्हणूनच कोणीतरी पुढे येणं महत्त्वाचं होतं.

त्याने नळ सोडला. बराच वेळ भांडी घासत होता.

२५ मार्च, मंगळवार

मालकाने पत्रकारांना बोलावून सांगितलं, तक्रार तांत्रिक प्रमुखाने आमच्यापासून लपवली, आमचा विश्वासघात झाला. मौनी निलंबित. प्रत्येक चॅनेलवर त्याचीच तेरा तारखेची मुलाखत, 'घरातलं दुःख' म्हणतानाचा चेहरा, पुन्हा पुन्हा. खाली मोठ्या अक्षरांत 'निर्लज्ज'. तो चेहरा मी निवडला होता.

मालकाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्याने कामावरून काढलेल्या दोघांचं मी बोलले होते, पण कार्यक्रमात तो भाग कापला गेला. वेळ नव्हता म्हणे.

लोणीने ऑफिसची माझी किल्ली मागितली. भांडला नाही. म्हणाला, "मी निदान जे विकतो ते लोणी आहे हे मला माहीत असतं." म्हणजे मी त्याला काय म्हणते ते त्याला ठाऊक होतं.

मौनीच्या घरी फोन केला. बायकोने उचलला. मी नाव सांगितलं. मग म्हणाली, "शेजारचा पार्किंगवाला कालपासून आमच्या दारासमोर गाडी लावतो. हे काही बोलत नाहीत." आणि ठेवला.

नवऱ्याला सांगावंसं वाटलं. तो सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता.

३० मार्च, रविवार

सिस्टरांकडे गेले. मी कोण ते सांगायचं होतं. बाकी काही ठरवलं नव्हतं.

दारातच मौनी भेटला. हातात रिकामा तांब्या, पाणी आणायला निघाला होता. दाढी वाढलेली. मला बघून चालू लागला नाही, थांबला. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती दिवसांनी येताय?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"वीस तारखेला आलो होतो. आता रोज येतो."

वीस तारीख म्हणजे मी चौकशी अधिकाऱ्याकडे गेले त्याचा आदला दिवस.

"तुम्ही त्या दिवशी केबिनमध्ये बोलून गेलात," तो म्हणाला, "मग मला राहवेना. आलो सिस्टरांकडे. त्यांना सांगितलं, सोमवारी माझी जबानी आहे, तिथे सगळं बोलतो. त्या म्हणाल्या, बोल आणि मग इकडे ये, तोपर्यंत तुझ्या हातचं पाणी पिणार नाही." तो तांब्याकडे बघत होता. "सोमवारी गेलो. बोललो. चौकशीचे साहेब म्हणाले, हे आम्हाला शुक्रवारीच कळलंय. आता तुम्हाला कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून करताय."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही नाहीच बोलणार."

"मलाही खात्री नव्हती," मौनी म्हणाला. "कदाचित तिथे बसल्यावर पुन्हा तेच तोंडातून निघालं असतं, तुमचं ते. पण आता मला कधी कळणारच नाही ना. मी बोललो असतो की नाही, ते." मग, अगदी साधेपणाने, "एकदा विचारायचं होतंत, बाई. तुम्ही इतके प्रश्न विचारलेत मला."

तो पाणी आणायला गेला. आधी मी त्याला बोलू दिलं नाही, आणि तो स्वतःहून बोलणार होता तेव्हा त्याच्या आधी जाऊन बोलून आले. निळा कुडता घालून. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. लोक बाजूने जात होते.

आत सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या होत्या. व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती, आज त्यांना पहिल्यांदा उभं करायचं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, त्यांना ते सगळं मी शिकवलं. संपर्काचं वगैरे काही नाही. तेच माझं काम."

"टीव्हीवर बघितलं की तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या. "फार छान बोलता." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यामुळे सुटकाही नव्हती.

मौनी तांब्या घेऊन आला. त्यांनी पेलाभर पाणी त्याच्याकडून घेतलं, सगळं प्यायल्या. मग मुलीने सांगितलं, दोन्ही बाजूंनी एकेक माणूस लागेल. सिस्टरांनी खोलीभर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "या, तुम्ही या बाजूला. फक्त बोलू नका."

मी त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर घेतला, त्याने उजवा. मुलगी म्हणाली, उठा. सिस्टर उठल्या. दात आवळलेले, अंग थरथरत होतं, कपाळावर घाम. मी सगळी ताकद लावून उभी होते, भार येईल म्हणून तयार होते. पण माझ्या खांद्यावर जेमतेम हात टेकल्याइतकंच वजन आलं. मी मान वळवून पाहिलं. त्या पूर्णपणे त्याच्या बाजूला कलल्या होत्या.